ट्यूबच्या उजेडातून विजेची फ्रिक्वेन्सी मोजा: घरच्या घरी, वायरला हात न लावता

रात्री चोकवाली जुनी ट्यूब लावा, खराट्याची एक काडी घ्या आणि ट्यूबखाली झपकन फिरवा. सलग पुसट पट्टा दिसेल असं वाटतं, पण दिसतात एकापुढे एक अशा दहा-बारा सुट्या काड्या. ट्यूब सलग पेटलेली नसतेच. सेकंदाला शंभर वेळा ती तेज होते, शंभर वेळा मंद होते, आणि काडी ठळक दिसते ती फक्त तेज झालेल्या क्षणी.

घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो. पुढे जाताना दिवा एकदा तेज होतो, मागे येताना पुन्हा एकदा, म्हणून शंभर. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. पण हा आकडा बरोबर पन्नासवर क्वचितच असतो. कधी ४९.९३, कधी ५०.०२, कधी ४९.९८ असा तो सतत हलत असतो, आणि त्या हलण्यात अख्ख्या देशाच्या विजेचा जमाखर्च लिहिलेला असतो. तो वाचायला मीटरबोर्ड उघडावा लागत नाही. दिव्याकडे तोंड करून ठेवलेला एक सेन्सर, एक छोटा बोर्ड आणि एक चांगलं घड्याळ एवढं पुरतं. या तिघांपैकी घड्याळाबद्दल मी जास्त लिहिणार आहे. नवीन माणूस सगळा जीव सेन्सरवर लावतो आणि फसतो तो घड्याळात.

मोजायचं आहे ते काय

औष्णिक केंद्रातलं मोठं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, सेकंदाला पन्नास. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रातली जनित्रं सावकाश फिरतात, पण त्यांना चुंबकाचे ध्रुव जास्त असतात, त्यामुळे वीज तीच ५० हर्ट्झची निघते. ही सगळी जनित्रं एका जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, जोडलेली असतात, आणि एकदा जोडली की कोणालाच स्वतःचा वेग राखता येत नाही. दिंडीत शेकडो टाळ एका ठेक्यात पडतात तसं. लय ओढली गेली की सगळ्यांची एकदम ओढली जाते.

लय ओढते कोण? आपण. तुम्ही गिझर लावता, कोणी पंप चालू करतं, कारखान्याची पाळी सुरू होते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढ्यात वाढली नाही, तर कमी पडलेली वीज जनित्रांच्या फिरण्यातून उचलली जाते, ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी घसरते. मागणी कमी झाली की उलट.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. तेव्हापासून देशात एकच ग्रिड आहे. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप तेवढे वेगळे. याचा अर्थ असा की कोथरूडमधली तुमची ट्यूब आणि गुवाहाटीतली एखादी ट्यूब एकाच ठेक्यात लुकलुकतात. पुण्यातल्या खोलीत बसून मोजलेला आकडा देशाचा असतो. मला या प्रयोगाचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे ते याचंच.

आता एक आकडा डोक्यात पक्का बसवा. ग्रिडच्या नियमावलीत फ्रिक्वेन्सीसाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरवलेला आहे. २०१० साली तो ४९.५ ते ५०.२ असा ऐसपैस होता, पुढे आवळत आणला. म्हणजे सगळा खेळ दीड दशांश हर्ट्झच्या आत चालतो. त्यातले चढउतार दिसायचे तर आपल्याला किमान ०.०१ हर्ट्झ ओळखता आलं पाहिजे, म्हणजे पाच हजारांत एक भाग. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावरून ठरतात.

उजेडच का

फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर लावूनही मोजता येते, आणि ते चुकीचं नाही. पण नवीन माणसाने पहिल्याच प्रयोगात २३० व्होल्टशी खेळू नये असं माझं ठाम मत आहे. २३० हा आरएमएस, म्हणजे एका खास प्रकारच्या सरासरीचा आकडा, लाटेचा माथा ३२५ व्होल्टच्या आसपास जातो. ब्रेडबोर्डवर एक वायर निसटली तर बोर्ड जाईल, लॅपटॉप जाईल, आणि तुमचा हात कुठे असेल ते सांगता येत नाही. उजेड घेतला तर दिवा आणि सर्किट यांच्यामध्ये नुसती हवा असते.

म्हणून नियम एकच: दिव्याचा होल्डर, चोक, स्विच यातलं काहीही उघडायचं नाही. बोर्ड शक्यतो पॉवर बँकेवर चालवा. त्यात सुरक्षितता आहेच, शिवाय लाइट गेली तरी नोंद चालू राहते, आणि लाइट जाण्याचा क्षणच बघण्यासारखा असतो.

दिवा निवडताना

सगळे दिवे या कामाचे नाहीत. पहिला मान चोक आणि स्टार्टरवाल्या ट्यूबचा. तिचा उजेड दर अर्ध्या फेऱ्याला चांगलाच खाली येतो, त्यामुळे सेन्सरला ठसठशीत लाट मिळते. सेन्सर ट्यूबच्या मध्यावर रोखा, टोकाकडे नको. टोकाजवळ प्रवाहाच्या दिशेप्रमाणे उजेड बदलतो आणि शंभरच्या लाटेत पन्नासची लाट मिसळते.

तारेचा पिवळा बल्ब असेल तर तोही चालतो. त्याची तार तापलेली राहते म्हणून चढउतार कमी असतो, पण असतो. जितका कमी वॉटचा बल्ब तितकी तार बारीक, ती तितक्या लवकर निवते आणि लाट तितकी मोठी मिळते. देवघरातला तारेवाला झिरोचा बल्ब त्यामुळे शंभर वॉटच्या बल्बपेक्षा इथे सरस ठरतो.

एलईडीचं मात्र नशिबावर आहे. चांगल्या ड्रायव्हरचा दिवा आतून वीज इतकी गुळगुळीत करून घेतो की त्याच्या उजेडात शंभरची लाट जवळजवळ उरतच नाही. साध्या, स्वस्त दिव्यात ती भरपूर असते. डोळ्यांना त्रास देणारा दिवा आपल्याला इथे हवा असतो. ओळखायचं कसं? मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाका आणि दिव्याच्या उजेडात भिंतीकडे रोखा. भिंत धडधडताना दिसली तर दिवा कामाचा. चार्जिंगचा एलईडी बल्ब घेऊ नका, लाइट गेल्यावर तो आतल्या बॅटरीवर चालतो आणि आपली दिशाभूल होते. वायफायवरून मंद करता येणारे दिवेही टाळा. ते स्वतःच्याच वेगळ्या, बऱ्याच जास्त वेगाने लुकलुकतात.

तपकीर गल्लीत जाताना

बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पुणेकरांना सांगायला नको. नवीन असाल तर गाडी लांब लावून चालत जा आणि यादी कागदावर नेऊन काउंटरवर ठेवा. तिथे गर्दीच्या वेळी तोंडी वर्णन ऐकायला कोणाला फुरसत नसते.

यादीत पहिली वस्तू फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे आपला उजेड टिपणारा सेन्सर, पाच एमएमचा, पारदर्शक. "काका, पांढरा द्या, काळा नको" हे आवर्जून सांगा. दोन्ही दिसायला एलईडीसारखेच, पण काळ्याच्या प्लॅस्टिकमधून फक्त इन्फ्रारेड आत जातं. तारेच्या बल्बात इन्फ्रारेड मुबलक असतं, तिथे काळाही छान चालेल. ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात ते फारसं नसतं, आणि मग तुम्ही सर्किटमधली चूक शोधत अर्धी रात्र घालवाल. "आयआर सेन्सर" असं मोघम मागू नका. टीव्हीच्या रिमोटचा तीन पायांचा रिसीव्हर हातात पडेल, आणि तो फक्त रिमोटच्या ३८ किलोहर्ट्झच्या ठोक्यांना दाद देतो.

एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे रोध बदलणारा रेझिस्टर, चालेल का, हे प्रत्येक जण विचारतो. तो स्वस्त आहे, सहज मिळतो, पण सुस्त आहे. उजेड बदलल्यावर त्याचा रोध बदलायला काही दशक मिलिसेकंद जातात, आणि आपला दिवा दर दहा मिलिसेकंदांनी तेज-मंद होतो. लाट येते, पण मरगळलेली. वीस रुपये वाचवण्यासाठी सगळ्या प्रयोगाचा पाया कच्चा ठेवू नका. बीपीडब्ल्यू३४ हा फोटोडायोड मिळाला तर तो उत्तम, फक्त त्याचा सिग्नल अगदी बारीक असतो आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर लागतो. पहिल्यांदा फोटोट्रान्झिस्टरच घ्या.

बाकीचं सामान साधं आहे: एलएम३९३ हा कम्पॅरेटर, १० किलोओहमचे तीन-चार, १०० किलोओहमचा एक आणि १ मेगाओहमचा एक रेझिस्टर, १०० किलोओहमचा एक प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी. मेंदू म्हणून ईएसपी३२ चा बोर्ड. तो का, ते घड्याळाच्या भागात येईल. जमलं तर डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल त्याच फेरीत घेऊन टाका.

जोडणी

फोटोट्रान्झिस्टरला दोनच पाय असतात. बहुतेक वेळा आखूड पाय कलेक्टरचा. तो ३.३ व्होल्टला जोडा. दुसरा पाय १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये प्रीसेट, असं करून ग्राउंडला न्या. दिव्याखाली धरून त्या दुसऱ्या पायावर मल्टिमीटर लावा. प्रीसेट फिरवत एक ते दोन व्होल्टच्या मध्ये आणा. काहीच हलत नसेल तर पाय उलटे करून बघा, रेझिस्टर असल्यामुळे काही जळत नाही. आकडा ३ व्होल्टवर जाऊन चिकटला असेल तर उजेड फार होतोय. सेन्सर माथ्याला टेकला की लाटेचा वरचा भाग कापला जातो. प्रीसेट कमी करा किंवा सेन्सर लांब न्या.

आता या हलत्या व्होल्टेजचे चौकोनी ठोके करायचे आहेत. एलएम३९३ दोन व्होल्टेजची तुलना करतो. एका बाजूला (अधिक इनपुट) सेन्सरची लाट द्या, दुसऱ्या बाजूला (उणे इनपुट) त्याच लाटेची सरासरी. लाट सरासरीच्या वर गेली की ठोका सुरू, खाली आली की संपला. सरासरी बनवायला सेन्सरच्या पायापासून १०० किलोओहमचा रेझिस्टर उणे इनपुटवर न्या आणि उणे इनपुटपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ही जोडी साधारण सेकंदभराची सरासरी धरून ठेवते. त्यामुळे कोणी खोलीत दुसरा दिवा लावला, पडदा सरकवला तरी ही तुलनेची पट्टी आपोआप वरखाली होते. चालू केल्यावर चार-पाच सेकंद तिला स्थिर व्हायला द्या.

अधिक इनपुटवर लाट थेट न देता १० किलोओहममधून द्या, आणि आउटपुटपासून त्याच इनपुटवर १ मेगाओहमचा रेझिस्टर परत आणा. या एका रेझिस्टरमुळे सुमारे ३३ मिलिव्होल्टची फट तयार होते. ती नसेल तर लाट पट्टी ओलांडताना बारीक थरथरते आणि एका ठोक्याचे चार ठोके मोजले जातात. नव्या माणसाच्या आकड्यात अचानक १८० किंवा २६० हर्ट्झ दिसले की नव्वद टक्के वेळा हाच रेझिस्टर राहिलेला असतो.

दोन गोष्टी इथे चुकू नयेत. एलएम३९३ ला ५ व्होल्ट द्या, कारण पुरवठ्यापेक्षा दीड व्होल्ट खालपर्यंतच त्याची इनपुट नीट चालतात. ३.३ व्होल्टवर चालवलात तर १.८ च्या वर तो गोंधळतो. आणि त्याचं आउटपुट स्वतःहून वर जात नाही, त्याला १० किलोओहमने वर ओढावं लागतं. ते ओढायचं ३.३ व्होल्टला, ५ ला नाही, कारण ईएसपी३२ च्या पायांना ५ व्होल्ट सोसत नाही. आउटपुट बोर्डाच्या २७ क्रमांकाच्या पायाला द्या. ०, २, १२, १५ हे पाय बोर्ड सुरू होताना स्वतःच्या कामाला वापरतो, ते सोडा.

शेवटी सेन्सरवर काळ्या चार्ट पेपरची बोटभर लांब नळी चढवा. समोरचा दिवा सोडून बाकीचं जग तिला दिसू नये.

ठोके मोजू नका, वेळ मोजा

प्रोग्राम लिहायला बसलं की पहिल्यांदा सुचतं ते असं: एक सेकंद थांबू, किती ठोके आले ते मोजू, दोनने भागू. करून बघा. आकडा येईल ५०, मग ४९.५, मग ५०, मग ५०. एका सेकंदात शंभर ठोके, त्यात एक इकडे-तिकडे झाला की अर्ध्या हर्ट्झचा फरक. आपल्याला ०.०१ हवा होता.

त्यापेक्षा उलटं करा. ठोक्यांची संख्या ठरवून टाका आणि त्यांना लागलेला वेळ मोजा. प्रत्येक ठोक्याच्या चढत्या कडेला इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लगेच चालणारा प्रोग्रामचा तुकडा) लावा आणि त्यात फक्त मायक्रोसेकंदांचा आकडा टिपा, दुसरं काही करू नका. एक हजार ठोके झाले की पहिल्या आणि १००१ व्या कडेतला वेळ काढा. हजार ठोके म्हणजे विजेचे पाचशे पूर्ण फेरे. तेव्हा ५०० भागिले सेकंद, झाली फ्रिक्वेन्सी. समजा वेळ आला १०.०१००१ सेकंद. ५०० ला त्याने भागलं की ४९.९५ हर्ट्झ. ०.०१ हर्ट्झचा फरक म्हणजे दहा सेकंदांत दोन मिलिसेकंद. कडा टिपताना पन्नास मायक्रोसेकंदांची चूक झाली तरी ती त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीच राहते.

जलद बदल बघायचे असतील तर शंभर ठोके घ्या, दर सेकंदाला एक आकडा मिळेल. पण संख्या कायम समच ठेवा. पुढचा अर्धा फेरा आणि मागचा अर्धा फेरा यांचा उजेड अगदी सारखा नसतो, विशेषतः जुन्या ट्यूबमध्ये. विषम संख्या घेतली की ती लंगड आकड्यात उतरते.

प्रोग्राममध्ये आणखी दोन पहारेकरी हवेत. आधीच्या कडेपासून ७ मिलिसेकंदांच्या आत आलेली कडा सरळ सोडून द्या. आणि दोन कडांमध्ये १२ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर ठोका हुकला असं समजून ती सगळी दहा सेकंदं टाकून द्या, दुरुस्त करायला जाऊ नका. मायक्रोसेकंदांचा ३२ बिटी आकडा साधारण ७१ मिनिटांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. चिन्हविरहित (unsigned) प्रकारात नुसती वजाबाकी केलीत तर उत्तर तरीही बरोबर येतं. "नंतरचा आकडा मोठाच असणार" असं गृहीत धरणारी तुलना कुठेही लिहू नका, नाहीतर दर सव्वा तासाला एक न समजणारी खोट येत राहील.

घड्याळ

माझा पहिला प्रयोग हाताशी पडलेल्या एका जुन्या आठ बिटी बोर्डावर होता. आकडा स्थिर आला, ५०.२१ च्या आसपास. रात्री अकराला ५०.२१, पहाटे पाचला ५०.२०. मी दोन दिवस सेन्सर बदलत, वायरी बदलत बसलो, कारण ग्रिड सलग दोन दिवस पट्ट्याच्या एवढं वर राहील हे पटत नव्हतं. सेन्सरचा काही दोष नव्हता. त्या बोर्डाचं घड्याळ नेमके ठोके देणाऱ्या क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर या ढोबळ ठोके देणाऱ्या तुकड्यावर चालत होतं. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते, आणि ५० हर्ट्झचा अर्धा टक्का म्हणजे ०.२५ हर्ट्झ. ज्या पट्ट्याची रुंदी ०.१५ आहे तो मोजायला मी ०.२५ ने हुकणारी फूटपट्टी घेतली होती. आकडा स्थिर दिसला म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला. स्थिर असणं आणि बरोबर असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून बोर्ड घेताना त्याच्यावरचं घड्याळ बघा. चकाकता, धातूच्या कवचाचा तुकडा बहुधा क्रिस्टल असतो. तीन पायांचा तपकिरी किंवा केशरी तुकडा रेझोनेटर. काही बोर्डांवर क्रिस्टल दिसतो, पण तो यूएसबीच्या चिपसाठी असतो आणि मुख्य चिप रेझोनेटरवर चालते. तांब्याची रेघ कोणत्या चिपकडे जाते ते भिंगाखाली बघा. ईएसपी३२ वर ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, त्याची चूक साधारण दहा लाखांत दहा भाग. ५० हर्ट्झवर ती ०.०००५ होते. आपल्या गरजेच्या वीस पट चांगली.

मन तरीही मानत नसेल, आणि मानू नयेच, तर डीएस३२३१ जोडा. त्याचा क्रिस्टल तापमानाप्रमाणे स्वतःला सावरतो, शून्य ते चाळीस अंशांत दहा लाखांत दोन भाग एवढीच चूक. त्याच्या एसक्यूडब्ल्यू पायावर सेकंदाला एक ठोका काढता येतो. मॉड्यूल नवं असताना हा ठोका बंद असतो, प्रोग्राममधून चालू करावा लागतो. खरेदी करताना चिपवरचं नाव पूर्ण वाचा. शेवटी एम अक्षर असलेली चिप वेगळ्या रचनेची, तिची चूक पाच भागांपर्यंत. तीही चालते, पण तुम्ही काय विकत घेतलंय ते तुम्हाला माहीत हवं.

हा ठोका बोर्डाच्या दुसऱ्या पायाला देऊन शंभर सेकंदांत बोर्डाचे किती मायक्रोसेकंद झाले ते मोजा. दहा कोटी यायला हवेत. आले दहा कोटी आठशे, तर तुमचं घड्याळ दहा लाखांत आठ भाग पुढे पळतंय. टिपलेला प्रत्येक वेळ त्या प्रमाणात कमी करा, काम झालं. गच्ची हाताशी असेल तर जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाचा ठोका याहून सरस. त्याला मोकळं आकाश लागतं, पेठेतल्या वाड्याच्या मधल्या खोलीत तो मिळणार नाही.

आकडा खरा आहे का

देशाचं ग्रिड सांभाळणाऱ्या ग्रिड-इंडियाच्या संकेतस्थळावर आणि कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर त्या वेळची फ्रिक्वेन्सी दिलेली असते. एका क्षणाचा आकडा एका क्षणाशी जुळवू नका. तिथला आकडा काही सेकंद मागचा असतो, आणि तेवढ्यात फ्रिक्वेन्सी हललेली असते. पंधरा-वीस मिनिटं दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहा आणि आलेख काढा. दोन रेघा एकसारख्या वळणाच्या आल्या पाहिजेत. वळण सारखं पण सगळीकडे सारखंच अंतर, तर दोष घड्याळाचा. मधेच सुटे उंच सुळके, तर दोष सेन्सरचा किंवा त्या फटीच्या रेझिस्टरचा. रेघ अगदी सपाट, फूटपट्टीने आखल्यासारखी, तर तुम्ही ग्रिड मोजतच नाही आहात. तो दिवा इन्व्हर्टरवर आहे, आणि इन्व्हर्टर आपली फ्रिक्वेन्सी स्वतःच्या क्रिस्टलवरून बनवतो.

मग रोज बघायचं काय

दहा सेकंदांना एक ओळ म्हणजे दिवसाला ८,६४० ओळी. एक रात्र साठवा आणि सकाळी आलेख काढा. पहिल्यांदा लक्षात येईल ते तासाच्या काट्यावरचे झटके. विजेची देवाणघेवाण आपल्याकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत ठरते, दिवसाला ९६ तुकडे. तुकडा बदलला की केंद्रं आपलं उत्पादन बदलतात, मागणी मात्र आपल्या चालीने चालत असते. म्हणून सव्वा, साडे, पावणे आणि ठोक्याला रेघ दचकते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा प्रोग्राममध्येच पंधरा मिनिटांची काहीतरी चूक आहे असं समजलो होतो.

दिवसाची सरासरीही काढा. ती ४९.९८ आली, तर त्या दिवशी ग्रिडच्या फेऱ्यांवर चालणारं घड्याळ चोवीस तासांत सुमारे ३५ सेकंद मागे पडलं असतं.

मोठ्या घटना रोज येत नाहीत. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं घरातले दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान झुलली. ती तोलून धरली मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्याचं चाक मिनिटा-दोन मिनिटांत चढवता-उतरवता येतं. दिवे मालवायचे होते, त्यामुळे उजेडावर मोजणाऱ्याला त्या दिवशी एक दिवा चालू ठेवावाच लागला असता.

घरच्या घरी दिसणारी घटना म्हणजे लाइट जाणं. आमच्या सोसायटीत लाइट गेली की पाच-सात सेकंदांनी जनरेटर घेतो, आणि जिन्यातली ट्यूब त्याच्यावर आहे. सेन्सर तिच्यावर रोखून, पॉवर बँकेवर ठेवून, सेकंदाला एक आकडा अशी नोंद लावा. आधी ग्रिडची थरथरती रेघ. मग ठोके नसलेली पोकळी. मग रेघ एकदम ५१ च्या वर उगवते, कारण जुन्या गव्हर्नरचा (वेग राखणाऱ्या यंत्रणेचा) जनरेटर भार कमी असताना मुद्दाम थोडा वेगात ठेवलेला असतो. आता कोणीतरी तळमजल्यावर लिफ्टचं बटण दाबतं. रेघ पाऊण हर्ट्झ खाली बुडते, सावरते, लिफ्ट थांबली की पुन्हा वर उसळते. देशाच्या ग्रिडवर एवढी बुडी यायला हजारो मेगावॅट लागतात, इथे एका लिफ्टने ती येते. शेजारच्या आजी भाजी घेऊन कितव्या मजल्यावर उतरल्या, हे बुडीच्या लांबीवरून सांगता येतं.

लाइट परत आली की पहिली दहा सेकंदं गाळा. त्यात अर्धे ठोके जनरेटरचे आणि अर्धे ग्रिडचे असतात. ट्यूबही स्टार्टरवर दोन-तीनदा फडफडून मगच नीट लागते.